मोठ्या टायपातलं पत्र

मंगळवार, दुपार

प्रिय ताई,

पाया पडलेलं तुला चालत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. हे पत्र मी कितीतरी दिवस टाळतोय. कधी वेळ नव्हता, कधी कागद नव्हता. छापखान्यात काम करणाऱ्याकडे कागद नाही, हे कोण मानेल म्हणा.

हो, ही नोकरी अजून टिकली आहे. मलाही नवल वाटतं. औषधांसोबतची माहितीपत्रकं मांडतो. टाइप निवडायचा, ओळींमध्ये मोकळी जागा सोडायची, आणि मग रस्त्यावरच्या कुणालाही धरून वाचायला द्यायचं. मालकीणबाई म्हणतात, "दिसतंय का, असं विचारू नकोस. सगळे हो म्हणतात. किती चमचे द्यायचे ते विचार." परवा एका गवंड्याने पत्रक लांब धरलं, जवळ धरलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, "अक्षर देखणं आहे हो." आम्ही खूप हसलो. मग माझं हसू विरलं.

मागच्या खेपेला मी तुला एक पत्रक दाखवलं होतं. तूही त्याची घडी घातलीस. म्हणालीस, "किती सोपं करून लिहिलंयस रे."

ताई, त्यावर अर्थ लागेल असं काही लिहिलेलंच नव्हतं. टाइप कसा बसतो ते बघायला आम्ही वाट्टेल त्या अक्षरांचा भराव टाकतो. मी तुझी थट्टाच करणार होतो. तेवढ्यात तू बाळाच्या तापाच्या औषधाची बाटली माझ्याकडे दिलीस. "तूच ओत, माझे हात ओले आहेत." तुझे हात कोरडे होते.

म्हणून हे पत्र एवढ्या जाड, मोठ्या टायपात. खिडकीशी बसून वाच. डॉक्टरांना डोळे दाखव. शिवणाची कामं जातील म्हणून लपवतेस, ते कळतं मला. पण बाळाला अंदाजाने औषध पाजू नकोस. भावजींना मी काही बोललेलो नाही. ते तूच सांगावंस.

इथवर टाइप केलं आणि मान वर केली, तर दारात भावजी. कडेवर बाळ.

"तिला न सांगता आलोय," म्हणाले. "काल ती बाळाला दुप्पट औषध पाजत होती. मी हात धरला, तर भांडली. तुला काही बोललीये का?"

बाळ बरं आहे, घाबरू नकोस. भावजींना बसवलंय, पाणी दिलंय. आता मी त्यांना सांगणार आहे. काय रागवायचं ते माझ्यावर रागव. त्यांच्यावर नको.

आजपासून चहाडखोर झालेला,
तुझा धाकटा