चिठ्ठ्यांची भिंत

प्रिय केतन,

खालची रांग काढून झाली. वरच्या चिठ्ठ्यांना तू टेप लावलीस, त्या भिंतीच्या रंगासकट सुटताहेत.

नोकरी सोडलीस तेव्हा मीच हो म्हटलं होतं. तुझ्या आईंनी करावेच्या खाडीत मासळी धरत आयुष्य काढलं. ते त्यांच्याच तोंडून ऐकून तू पुस्तक लिहिणार होतास. घरी माणूस सैल पडतो, आधी पद्धत हवी, म्हणालास. मग पहाटे उठणं आलं. मग टिकटिकणारं घड्याळ. मग ही भिंत: करायचं, चालू, झालं. नवी पद्धत सापडली की तू आठवडाभर खुशीत असायचास. त्या आठवड्यांत मीही.

आई दारात येऊन चिठ्ठ्यांकडे बघत विचारायच्या, "भितीवर पापर वालत घातलंस का रं?" तू हसायचास आणि दार लावून घ्यायचास. त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायच्या. चांगलं लुगडं नेसून. तू कधीही रेकॉर्डर घेऊन येशील म्हणून. मी चिडले की मलाच गप्प करायच्या. "तो कामान हाय. ऱ्हाऊ दे."

'आईशी बोलणे' ही चिठ्ठी 'करायचं'मधून कधी पुढे सरकली नाही. दर सोमवारी काढून तू ती पुन्हा तिथेच लावायचास. डिंक संपला, मग टेप आली.

तू गेला आहेस त्या शिबिरात फोन जमा करतात. एकाग्रतेसाठी. तिथला दुसरा नंबरही तू ठेवला नाहीस. परवा दुपारी आई पायरीवरून उठताना पडल्या. झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हात कदाचित फिरेल, बोलण्याचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आणल्यावर त्यांना जिना चढवता येणार नाही, आणि खाली तुझीच खोली आहे. पलंग या भिंतीला लागेल. म्हणून भिंत रिकामी करतेय. उद्या तू समोर आलास की माझ्या तोंडून हे नीट निघणार नाही, म्हणून लिहितेय.

अजून तरी तुझीच,
उन्नती

सकाळी तू आलास. बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलंस, चिठ्ठ्या कुणी काढल्या. मी आईंच्या वॉर्डाचा नंबर सांगितला.