साबणाच्या पाण्याची बाटली

ठमे,

डाव्या हाताने खरडतोय, लावून वाच. उजवा भाजलाय, दवाखान्यात जातोय.

नव्या एसीतला गॅस हवेला बरा असला तरी पेट घेतो, गळती साबणाच्या पाण्यानेच बघायची, असं तू काल कोर्सवरून थेट कामावर आल्या आल्या सांगितलंस. मी गिऱ्हाईकबाईंसमोर तुला गप्प केलं. आज सवयीने गळती शोधायला पेटती बत्तीच धरली. जुन्या गॅसने ज्योत फक्त हिरवी व्हायची, याने भडकाच उडाला. बाई बचावल्या, पडदा गेला.

चार वाजता बाईंकडचं राहिलेलं काम तूच कर. त्यांनी विचारलं तर सांग, मी बाबांना आधीच बजावलं होतं.

तुझ्या पिशवीत साबणाचं पाणी भरून ठेवलंय.

बाबा