सांध्याला नावं ठेवण्याआधी

काका, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तुमच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी खरं काय झालं ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मी डिप्लोमा करून डोंबिवलीच्या कारखान्यात नुकती लागले होते. ऑफिसपासून गोदामापर्यंत काचेच्या तारेची केबल तुम्ही टाकलीत, तिचे सांधे तुम्ही जुळवलेत. ठाकुर्लीकडचे तुम्ही, तरुणपणी मिठागरात राबलेले, मग टेलिफोनच्या केबली जोडता जोडता या कामात आलेले. केबल तुमची, आणि तिच्या टोकाशी कॉम्प्युटर जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, माझा. स्विचवरचा हिरवा दिवा लागला नाही तर आधी तारेचं टोक पुसायचं, मग दोन्ही तारांची अदलाबदल करून बघायची, मग जवळची छोटी तार बदलायची, आणि सांधा उघडायचा तो अगदी शेवटी, हे मला तुम्हीच शिकवलंत. एकदा मी टोक न पुसताच तार खोचली तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत झापलंत. म्हणालात, "पोरी, आधी आपला टोक पूस. मंग दुसऱ्याच्या सांध्याला नावं ठेव." मी दिवसभर फुगून बसले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा धुऊन, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलात आणि निघून गेलात.

हळदीचं आमंत्रण माझ्या खणातच होतं, संध्याकाळी मी येणारही होते. त्या सकाळी मोठे साहेब येणार म्हणून स्विच नव्या कपाटात हलवला आणि तारा मीच परत खोचल्या. दिवा लागेना. साहेब मागे उभे. माझ्या बोटांना क्रीम होतं, टोकाला बोट लागलं होतं, ते मी ओढणीच्या पदराने पुसलं म्हणजे आणखीच माखलं. साहेबांनी विचारलं, दोष कुठे आहे. मी म्हटलं, सांधा गेला असेल.

मग तुम्हाला मांडवातून बोलावून आणलं. मला अजून दिसतंय, तुम्ही नळाखाली तीनतीनदा साबण लावताय आणि बोटांची हळद काही जात नाही. तसेच अंगणातल्या सांध्याच्या डब्याशी उकिडवे बसलात, धडधाकट सांधा कापून पुन्हा जोडायला घेतलात. सगळे तिकडे बघत होते. तेवढ्यात मी टोक काढून नीट पुसलं, खोचलं, आणि दिवा लागायची वाट बघत राहिले. तुमचा सांधा पुरा झाला आणि दिवा लागला, म्हणजे दोष सांध्यातच होता असं सगळ्यांना वाटलं. साहेब तुम्हाला काय काय बोलले ते तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. जाताना मला म्हणालात, "माझ्याच हातान चुकला असंल." मी खरं सांगितलं नाही. संध्याकाळी हळदीलाही आले नाही. पुढचं काम दुसऱ्या माणसाला गेलं आणि तुम्ही कारखान्यात परत दिसला नाहीत.

मागच्या महिन्यात कल्याणच्या बाजारात तुमची मुलगी भेटली. तिने ओळखलं, हाताला धरून बोलली. म्हणाली, बाबांच्या हातून आयुष्यात एकच सांधा चुकला, आणि तो नेमका माझ्या हळदीला. शेवटपर्यंत तेच काढत बसायचे. मी म्हटलं, चालायचंच, होतं असं कधीकधी. काका, याची मला त्या दिवसापेक्षाही जास्त लाज वाटते.

तिने पत्ता दिलाय, म्हणाली घरी ये. हे पत्र तिच्या नावाने टाकलं तर तिला निदान कळेल की तिचा बाप चुकला नव्हता. एवढं समजूनही मी ते खणात ठेवणार आहे, कारण तिने मला अजूनही चांगलीच समजावं असं वाटतं. आणि काका, लुगड्याचा तो तुकडा त्या सकाळी माझ्या पर्समध्येच होता. साहेबांसमोर काढायला लाजले.