पाटा वहिनीला, वरवंटा आईला

मृत्युपत्र लिहून ठेवणार: दीप्ती अण्णासो कुरणे, वय सव्वीस, धंदा शिक्षिका, राहणार सिद्धार्थनगर, कोल्हापूर.

लिहून ठेवते ते असे की, माझे चित्त ठिकाणावर आहे. मला कोणी धाक किंवा लालूच दाखवलेली नाही. हा कागद मी माझ्या अकलेने आणि माझ्या अक्षरात लिहिते आहे. लहानपणी सांधेताप आला, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. ती बदलण्यासाठी पुढच्या महिन्यात मिरजेला माझे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पण आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली, आणि मागची व्यवस्था लावून जाणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे असे मी मानते.

मला भीती एकाच गोष्टीची आहे, ती आधीच सांगते. आमच्या घरात अडीच वर्षांपासून दोन चुली आहेत. भिंतीच्या अलीकडे आई आणि अण्णा, पलीकडे माझा भाऊ प्रसेनजीतदादा, श्रुतीवहिनी आणि त्यांचा आर्यन. या दोन चुलींमध्ये ये-जा करणारी मी एकटी. आईची आमटी झाकून तिकडे न्यायची, वहिनीची खीर इकडे आणायची. आई आणि वहिनी एकमेकींशी बोलत नाहीत, पण दोघींपैकी एकीनेही वाटी कधी रिकामी परत पाठवलेली नाही. मी नसले तर ती वाटी कोण नेईल?

वकीलसाहेबांकडे गेले होते. त्यांनी मिळकत विचारली. मी सांगत गेले: पाटा-वरवंटा, दोन वाकळा, बिडाचा तवा. ते हसले नाहीत, चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "हे सगळं एका ओळीत येतं, ताई. 'इतर किरकोळ घरगुती सामान.'" मी आभार मानून कागद परत घेतला. आमचे घर त्या एका ओळीवर उभे राहिले आहे. तेव्हा ती ओळ मी उलगडून लिहिते.

कलम एक. पोस्टातील आणि फंडातील माझी सर्व रक्कम आई मीनाबाई अण्णासो कुरणे हिला मिळावी. ही भेट नव्हे, ती तिची राहिलेली मजुरी आहे. अण्णांचा पगार माझ्या फीला गेला तरी आम्ही कधी उपाशी झोपलो नाही, कारण आई उन्हाळाभर खाटेवर शेवया वाळवायची, सांडगे घालायची, जुन्या लुगड्याचे परकर आणि परकराच्या पिशव्या करायची. आमच्याकडे फाटलेले काही टाकून देत नसत, त्याचे पुढचे काहीतरी होत असे. मी मदतीला बसले की मात्र ओरडायची, "उठ तिथनं! पुस्तक घे. न्हायतर जलमभर फुकणी फुकत बसशील." म्हणून मी बी.ए., बी.एड. झाले आणि भाकरी मात्र अजून फुगत नाही. घरकाम थोर आहे असे म्हणून ते एकाच माणसाच्या गळ्यात बांधणाऱ्यांपैकी मी नाही. पण ते केलेच नाही असे कोणी लिहिले तर ते खोटे आहे. अट: या पैशातून आईने दादासाठी काहीही घेऊ नये. ती घेईल, हे मला माहीत आहे. तरी अट राहू द्यावी.

कलम दोन. घर अण्णांच्या नावावर आहे, त्यावर माझा हक्क चालत नाही. म्हणून ही फक्त विनंती. दारावरच्या पाटीवर आईचेही नाव घालावे. मागे एकदा म्हटले तेव्हा अण्णा म्हणाले, "पाटीवर जागा न्हाय." जागा नसेल तर पाटी मोठी करावी.

कलम तीन. बिडाचा तवा दादाला. अण्णा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. एकदा मालकांना विचारून उरलेल्या रसातून त्यांनी आईसाठी हा तवा ओतला. त्याची एक बाजू किंचित उतरती आहे. आई अजून टोमणा मारते, "गाडीचं पार्ट करून जगाला दिलं, आन् बायकोला तवा वाकडा!" अण्णांचे उत्तरही ठरलेले, "तवा सरळ हाय. तुझी चूल वाकडी हाय." माझ्या लहानपणीची संध्याकाळ मला याच दोन वाक्यांनी आठवते, शेवटची भाकरी पापुद्रा सुटून उतरत्या बाजूला सरकायची आणि ती मला मिळायची. अट: दादाने आठवड्यातून एकदा या तव्यावर स्वतः भाकरी करावी. वाकडी झाली तर तव्याला दोष द्यावा, तशी घरात पद्धत आहे.

कलम चार. जुनी वाकळ आर्यनला. तिच्यात अण्णांचा कारखान्यातला निळा गणवेश आहे, आईचे लग्नातले लुगडे आहे, दादाची खाकी चड्डी आणि माझा शाळेचा स्कर्ट आहे. आई कडेने शिवत शिवत मध्यापर्यंत येते आणि शेवटचे ठिगळ बसवण्याआधी त्याच्याखाली भाकरीचा एवढासा तुकडा ठेवते. वाकळेचे पोट रिकामे ठेवायचे नाही, म्हणजे ती पांघरणाराही उपाशी झोपत नाही. दादाने प्रदर्शनातून ब्लँकेट आणले तेव्हा तो आईसमोर म्हणाला, "आता ह्या चिंध्या कशाला?" हे मी माफ केलेले नाही, तशी नोंद असावी. आर्यन त्या ब्लँकेटवर बसून वाकळ पांघरतो, एवढे बोलून मी हा विषय संपवते.

दुसरी वाकळ मी स्वतः गेल्या वर्षी आईकडून शिकून शिवली. टाके लांब पडले आहेत. ती मिरजेला माझ्याबरोबर येईल. परत आली तर माझी, एकटी परत आली तर आईची.

कलम पाचच्या आधी एक जुने खाते मिटवते. माझ्या कॉलेजप्रवेशाच्या दिवशी शालूआत्या म्हणाली होती, "पोरीला शिकवून काय करतोस अण्णा, शेवटी चूलच की." तिला माझा पदवीदान समारंभातला फोटो चौकटीसह द्यावा. भिंतीवर लावण्याची सक्ती नाही.

कलम पाच. पाटा-वरवंटा. हा आईने लग्नानंतर माहेरून, नेसरीहून, एसटीच्या टपावर घालून आणला. पूर्वी टाकीवाली गल्लीत ओरडत आली की आई त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घ्यायची. मग पहिले वाटण थोड्या तांदळाचे, ते टाकायचे, आणि दुसरे खरे. दादाचे लग्न झाल्यावर त्या पाट्यावर वहिनी बसू लागली आणि आई शेजारी बसून खोबरे भाजून द्यायची. त्या दोन वर्षांतल्या रश्श्याची चव मला पुन्हा मिळाली नाही.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात नेहमीसारखी वर्षाची चटणी झाली. मिरच्या वाळल्या, मसाला भाजला, गल्ली खोकली, चिमणाबाईंच्या डंकावर चटणी कुटून आली आणि बरणी भरली. आषाढात आजी आजारी पडली म्हणून आई नेसरीला गेली. महिन्याने परत आली, वहिनीने बरणी काढून दिली, आईने झाकण उघडले तर वरून बुरशी. वर्षाची चटणी गेली.

आई म्हणाली, "ओल्या हातानं बरणी उघडलीस."

वहिनी म्हणाली, "न्हाय आई. ओला हात न्हाय लावला."

"मग चटणी काय आपसूक रडली व्हय?"

दादा मध्ये पडला, आवाज चढले, आणि दसऱ्याच्या आत भिंत उभी राहिली. भांडी वाटताना पाट्याला दोघींनी हात घातला. तेव्हा अण्णा म्हणाले, "पाटा दीप्तीचा. तिला इचारल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय." अशा रीतीने मी मालक झाले. तेव्हापासून तो मागच्या दारी पडून आहे. पावसाचे पाणी साचते आणि कावळे पितात. दोन्ही घरांत मिक्सर आहेत.

आता जे लिहिते ते साक्ष समजावे. गेल्या दिवाळीत मी वहिनीबरोबर तिच्या माहेरी गगनबावड्याला गेले होते. तिथे चुलीच्या बरोबर वर एक फळी आहे आणि तिच्यावर सगळ्या बरण्या, धुराने काळ्या झालेल्या. मी विचारले तेव्हा वहिनीची आई म्हणाली, "आमचा पाऊस ठावं हाय न्हवं? धुरावर ठेवली तरच चटणी टिकती, बाळ." तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्या आषाढात आमचीही बरणी तिच्या नेहमीच्या जागी, खालच्या कोपऱ्यात नव्हती. वहिनीने ती वरच्या फळीवर, शेगडीच्या बरोबर वर नेऊन ठेवली होती. पण आमच्याकडे गॅस. त्याला धूर कुठला? महिनाभर त्या बरणीला भाताची वाफ लागत होती.

परतीच्या एसटीत मी वहिनीला विचारले, "हे सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "सांगून काय? ठेवली तर मीच की. आईंच्या हातची चटणी, सादळू नये म्हणून जपून वर ठेवली. तीच गेली. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

म्हणजे चटणी गेली ती हलगर्जीपणाने नव्हे. एका घरची काळजी दुसऱ्या घरात चालली नाही, एवढेच. हे आईला सांगायला मी अनेकदा बसले. प्रत्येक वेळी ती उठते, "भिंतीपल्याडचं काय सांगू नगंस." म्हणून ते इथे लिहिले. मृत्युपत्र वाचताना मधून उठून जाता येत नाही.

तरी माझ्या पश्चात पाटा श्रुतीवहिनीला आणि वरवंटा आईला मिळावा. दोघींनी आपापला भाग विकू नये, बदलू नये, कोणाला देऊ नये. नुसत्या पाट्यावर काही वाटता येत नाही आणि नुसत्या वरवंट्याने फक्त डोके फोडता येते, हे ध्यानात घेऊनच मी ही वाटणी केली आहे.

कलम सहा. माझ्या पुण्यानुमोदनाचे जेवण बाहेरून मागवू नये. ते घरी, एका चुलीवर व्हावे. माझी पुस्तके विहारातल्या वाचनालयाला द्यावीत.

खाडाखोडीची नोंद. साक्षीदार चिमणाबाई यांनी कागद ऐकल्याशिवाय अंगठा देणार नाही असे सांगितले. दुसरे साक्षीदार, अण्णांचे कारखान्यातले सोबती आकाराममामा, म्हणाले, "कायद्याला त्याची गरज न्हाय, बाई." चिमणाबाई म्हणाल्या, "कायद्याला नसंल. मला हाय." म्हणून आज रविवारी सोप्यात बसून मी हे सर्व मोठ्याने वाचले. आई आत चटणीचा मसाला भाजत होती. कलम पाच सुरू झाले तसा कढईतल्या उलथन्याचा आवाज थांबला. कलम संपल्यावर ती उलथने घेऊन दारात आली.

"पश्चात म्हंजे काय गं?"

"मी गेल्यावर."

"मग ते खोड."

"आई, ते खोडलं तर ते मृत्युपत्र राहत नाही."

"न्हाय ऱ्हायलं तर न्हाय. खोड म्हन्ते न्हवं!" आणि तिने वळून भिंतीवर उलथने आपटले. "श्रुतीऽ! ये गं. पाटा आत घ्यायचाय. माझ्यानं एकटीनं उचलत न्हाय."

सबब कलम पाचमधील 'माझ्या पश्चात' हे दोन शब्द खोडले आहेत. ही खाडाखोड मला मान्य आहे. बाकी सर्व मजकूर कायम.

सही: दीप्ती अण्णासो कुरणे

साक्षीदार:
१. आकाराम, सही
२. चिमणाबाई, डाव्या हाताचा अंगठा (पाटा उचलायला हात लावून आल्यावर दिला, कडेचा डाग मातीचा आहे)

कोल्हापूर, ता. ११ एप्रिल २००४