दोन टर्मिनलमधलं गेट

१२ जानेवारी, दुपारी
दादाचा दहावा. कावळा शिवेना. वहिनी म्हणाली, मुलींना शिकवीन. आप्पाकाका म्हणाले, आंब्याच्या कलमांची वाटणी नीट करू. कावळा ढिम्म. शेवटी मी मनात म्हटलं, दादा, ते गेट मी उघडून घेतो. लगेच शिवला. आप्पाकाका म्हणाले, मेल्याला भूक लागली असेल. मी वाद घातला नाही. मी वाद घालणारा माणूस नाही.

१३ जानेवारी
दादा बंदरातल्या दक्षिण टर्मिनलवर क्रेन चालवायचा. मी उत्तर टर्मिनलवर कागदपत्रं बघतो. कंपन्या दोन, मध्ये जाळीचं कुंपण, त्यात एक गेट, गेटाला कुलूप. दादाला छातीत कळ आली तेव्हा त्यांची अँब्युलन्स गॅरेजात होती. आमची गेटाच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर. किल्ली कोणाकडे, यावर वीस मिनिटं फोनाफोनी. मग आमची गाडी बाहेरून नऊ किलोमीटर वळसा घालून गेली. पोचली तेव्हा घाई उरली नव्हती.
संकल्प: दोन्ही टर्मिनलमध्ये सहकार्य घडवणे. मुदत पंधरा दिवस. मार्ग: शांत चर्चा.

१६ जानेवारी
कामावर रुजू. दक्षिणेचा सेफ्टी ऑफिसर रूपेश याला भेटलो. म्हणाला, गेट उघडलं तर तुमची माणसं आमच्या यार्डात डोकावतील आणि आमची जहाजं पळवतील. मी शांतपणे समजावलं. समजावताना त्याच्या टेबलाची काच फुटली. काच पातळ होती.

१९ जानेवारी
आमचे मॅनेजर म्हणाले, उघडू की, पण आधी त्यांनी मागावं. रूपेश म्हणाला, आधी तुम्ही मागा. प्रगती आहे. दोघांचं म्हणणं एकच आहे. परतताना कपाटाला एक लाथ. कपाटाला आधीच पोचे होते.

२३ जानेवारी
संयुक्त बैठक! कोणाच्या ऑफिसात, यावर एकमत होईना. म्हणून कुंपणाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकल्या. चहाही आपापला. दादाचा विषय मी काढणार नव्हतो. रूपेशनेच काढला. म्हणाला, अहो, माणसं मरायचीच, त्याला गेट काय करणार. माझा हात जाळीतून गेला. हाताला त्याची कॉलर लागली. त्याचं कपाळ जाळीवर आपटलं. चार वेळा, किंवा सहा. मग दोन्हीकडून खुर्च्या उडाल्या. कुंपण उंच, त्यामुळे बऱ्याचशा ज्याच्या त्याच्याच डोक्यावर पडल्या. आमच्या विनीतला पाच टाके. मला म्हणाला, साहेब, तुमचं सहकार्य पुरे झालं.
पहिली बैठक म्हणून वाईट नाही. दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या.

२४ जानेवारी
बोटं सुजली. योगिनीने हळद लावली. म्हणाली, अहो, एकदा रडून घ्या, नाहीतर कोणाचा तरी जीव घ्याल. बायकांना अतिशयोक्तीची सवय. मी पूर्ण शांत आहे. न्हाणीघराच्या दाराची बिजागरी उद्या बसवून घेणे.

२७ जानेवारी
मुदत संपली. साडेअकराला घण घेऊन गेटाशी गेलो. फक्त दाखवायला. नंतर कुलपावर घातला. कुलूप दणकट निघालं, तुटलं नाही. आमचे चार गार्ड मागून धावले. एकाच्या गुडघ्यावर घण पडला, दुसऱ्याचा अंगठा मी चावला. पलीकडून रूपेश ओरडला, धरा त्याला! त्याने खिशातून किल्ली काढून गेट उघडलं आणि पाच गार्ड आत सोडले. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. नऊ जणांनी मिळून मला तुडवलं. कोणाचा पाय कोणत्या टर्मिनलचा, कळत नव्हतं. मी एकच विचारत होतो, किल्ली खिशात होती?

३० जानेवारी
सिव्हिल हॉस्पिटल. तीन फासळ्या. दोन्ही टर्मिनलचं मिळून एक पत्र आलं. दोन सह्या, दोन शिक्के. बंदर सुरू झाल्यापासूनचं पहिलं संयुक्त पत्र. माझा पास दोन्हीकडे रद्द. गेट कायमचं बंद.
विनीत बघून आला. म्हणाला, वेल्डिंग मशीन त्यांचं होतं, वेल्डर आपला. तासाभरात झालं. कुठे अडलं नाही.
दादाला काय सांगायचं, ते ठरलेलं नाही.