सरांनी आणून दिलेली शॉर्ट

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच. चेंडू अडवायला उजवा पाय बाजूला लांबवला अन् जांघेत सुरी ओढल्यासारखं झालं. डोंगरे सर लांबूनच ओरडले, "काय झालं गं?" मी म्हणाले, मांडी धरली सर. त्यांच्यासमोर जांघ म्हणायची लाज वाटते.

कॉलेजच्या हॉकी मैदानावर नुसता मुरूम. स्पर्धा मात्र टर्फवर, त्या खोट्या गवतावर. सर म्हणतात, इथं पळता आलं तर तिथं उडाल.

रूमवर शीतलनं बाटलीत गरम पाणी भरून शेकायला दिलं. तिला खरं सांगितलं. मांडी न्हाई, जांघ. अन् आता मागं खुब्यापर्यंत जातंय. खाटेवरून उठताना, एसटीची पायरी चढताना, शिंकलं तरीसुद्धा. ती म्हणाली, "मी सांगते सरांना. तू लाजत बस."

यापुढं तिला शि. लिहीन. शीतल शीतल लिहून ही रोजनिशी तिचीच होऊन राहिली.

५ नोव्हेंबर, बुधवार

शि.नं खरंच सांगितलं. सर रागावले न्हाईत. म्हणाले, "राठोड, शनिवारी नांदेडला फिजिओ मॅडमकडं जाऊ. तू माझी सेंटर हाफ आहेस." माझी म्हणाले. दिवसभर तेच कानात.

सर नसते तर मी तांड्यातच राहिले असते. शिरड शहापूरला शाळेत होते तेव्हा ते शिबिराला आले होते. मी दगडानं बोरं पाडत होते. मागून कुणीतरी म्हणालं, या पोरीचा नेम बघा. ते सर. मग कितीदा तरी तांड्यावर आले. याडी म्हणायची, आखूड चड्डी घालून माझी पोरगी पळणार, लोकं काय म्हणतील. तिला समजावलं त्यांनीच. ओट्यावर बसून चहा घ्यायचे. बा अजूनही त्यांना देवमाणूस म्हणतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

नांदेड. मॅडमनी पाय गोल फिरवला, दाबला. गुडघ्यांमध्ये मूठ ठेवून म्हणाल्या, दाब जोरात. दाबलं अन् डोळ्यांत पाणीच आलं. शि. आत होती, सर बाहेर. मग पट्ट्या चिकटवून करंटचं मशीन लावलं. "पडून राहा, बाकीचं मी सरांशी बोलते." शि.लाही बाहेर बोलावलं. पडद्यामागून नुसता पंख्याचा आवाज.

सर हसत आत आले. "काही न्हाई. स्नायू आखडलाय. घट्ट कंप्रेशन शॉर्ट घालायची, आधी अंग नीट गरम करायचं अन् खेळायचं." जीव भांड्यात पडला. शि. मागं उभी होती. तिनं माझ्या चपला सरळ करून ठेवल्या.

येताना सर स्वतः खेळाच्या दुकानात गेले अन् शॉर्ट घेऊन आले. काळी, गुडघ्याच्या वर संपणारी. मला मापसुद्धा विचारलं न्हाई, बराबर आणली. माझ्यासाठी म्हणून असं कुणी काही आणत न्हाई. बसमध्ये पिशवी मांडीवर धरूनच बसले.

१० नोव्हेंबर, सोमवार

शॉर्ट चढवायचीच कसरत. शि.नं मागून ओढली, मी पुढून. दोघी हसून हसून खाटेवर पडलो. वरून खेळाचा स्कर्ट. दिसत न्हाई.

पण काम करते! जांघेवर कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं. ऊब राहते. दुखणं आहे, पण शेजारच्या शेतातून कुणी हाक मारावी तसं लांब. सर म्हणाले, "बघ! मी काय म्हणालो होतो?"

घरमालकीण काकूंनी दोरीवर बघितली तर शंभर प्रश्न. ओढणीखाली वाळत घातली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

याडीचा फोन. शॉर्टबद्दल सांगितलं. म्हणाली, "त्याच्यात औषध असतं का?" न्हाई, नुसती दाबून धरते. "मग दुखणं जातं कुठं?" मला हसूच आलं.

वेचणी चालू आहे. सगळे कापसात. बा विचारून राहिला, टीव्हीवर दिसशील का?

१९ नोव्हेंबर

शॉर्ट काढली की सगळं एकदम परत येतं. आज न्हाणीत भिंत धरून उभी राहिले. खुबा आतून टकटक करतो. डाव्या कुशीवर झोपते.

शि.ला म्हणाले, थोडे दिवस थांबू का? ती स्टिकला नवीन ग्रिप गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "सरांना विचार."

सर: "स्पर्धा दारात आली. मी मॅडमशी फोनवर बोललो, चालतं म्हणाल्या. एवढी खेळ, मग आराम."

चालतं म्हणाल्या तर चालत असंल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

टर्फ! हिरवंगार, पाणी मारलेलं. चेंडू सुळ्ळकन जातो. आपल्याकडं खड्यावर उडून तोंडावर येतो. पहिला सामना जिंकलो. पाय धरून बसावं वाटलं, पण बसले न्हाई. विद्यापीठाच्या संघासाठी निवड करणारे खुर्च्यांवर बसले होते. सर त्यांच्याजवळ जाऊन माझ्याकडं बोट करत होते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

झोपून लिहिते.

सेमीफायनल. मध्यंतरात उभंच राहवेना. सर जवळ आले, खाली बसले, माझ्या बुटाची नाडी बांधली. "खेळतीस का?" मी म्हणाले, व्हय सर.

दुसऱ्या हाफमध्ये शि.ला पास दिला. समोरच्या दोघींच्या मधून. आयुष्यातला सगळ्यात चांगला पास. तिनं गोल मारला. लगेच नंतर उलटा हल्ला आला, मी आडवी झेप घेतली अन् खुब्यात काहीतरी कट्कन...

मैदानाबाहेर उचलून आणलं. शि. खेळ सोडून धावत आली अन् रडायलाच लागली. डॉक्टरही आले नव्हते, काय झालंय कुणाला माहीत नव्हतं, तरी एवढी रडली. मीच तिला म्हणाले, अगं वेडे, जा, सामना संपायचाय.

जिंकलो.

३० नोव्हेंबर, रविवार

फायनल हरलो. मी बाहेर, बर्फ लावून. शि.ची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. मिठी मारली तिला. आनंद झाला, खोटं का लिहू. थोडं पोटात दुखलंसुद्धा.

सर परतीच्या गाडीत पुढं बसले. मागं वळून एकदा म्हणाले, "शाब्बास राठोड."

६ डिसेंबर, शनिवार

तांड्यावर आहे. चालताना पाय ओढावा लागतो. आज वहिनीला सोबत घेऊन नांदेडला मॅडमकडं गेले. सर फोन उचलत न्हाईत म्हणून आपणच.

मॅडमनी पाय नुसता थोडा वळवला अन् हात काढून घेतला. म्हणाल्या, "तू खेळलीस?"

मी म्हणाले, तुमीच म्हणालात ना, शॉर्ट घालून खेळ.

मॅडम खुर्चीवर बसल्या. "मी? मी तुझ्या सरांना स्पष्ट सांगितलं होतं, दीड महिना पळणं बंद. खुब्याचा फोटो काढा आधी. शॉर्ट नंतर, हळूहळू सुरू करताना, आधार म्हणून. ती दुखणं झाकते गं, बरं करत नाही. तुझी मैत्रीण होती की तिथंच. तिला विचारलंसुद्धा मी, समजलं ना?"

"फोनवर चालतं म्हणालात..."

"मला कुणाचाही फोन आला नाही."

मग मी विचारलं, मला काहून न्हाई सांगितलं मॅडम? पाय तर माझा होता. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. सरांसोबत आलीस, मला वाटलं लहान आहेस." एकोणीस वर्षांची आहे मी.

वहिनी बसस्टँडवर म्हणाली, काहीतरी खा. खाल्लं न्हाई.

७ डिसेंबर

शि.

रोज सकाळी तिनंच मागून ओढून शॉर्ट चढवली.

हसत होती ती. दोघी हसत होतो.

८ डिसेंबर

बाला सांगितलं. आधी ऐकलंच न्हाई. "सर असं करणार न्हाईत. तुझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड." मी वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, मी होते की मामंजी. बा उठून कडब्याच्या गंजीकडं गेला, बराच वेळ तिथंच उभा. मग फोन घेऊन सरांना लावत बसला. उचलला न्हाई. पुन्हा लावला. देवमाणूस हा शब्द आज त्याच्या तोंडातून आला न्हाई.

शेजारची काकी कुंपणावरून म्हणून गेली, पोरींना पळवल्यावर दुसरं काय व्हायचं. याडी तिच्या अंगावर धावली. "पळल्यानं न्हाई मोडली माझी पोरगी, खोटं सांगितल्यानं मोडली." शॉर्ट धुऊन अंगणातल्या दोरीवर, सगळ्यांच्या समोर, मधोमध वाळत घातली तिनं. म्हणाली, जा, बघा.

१० डिसेंबर, बुधवार

एमआरआय झाला. खुब्याच्या वाटीला कडेनं गादीसारखी किनार असते म्हणे, ती फाटली. डॉक्टर म्हणाले आधी औषध अन् व्यायाम, न्हाई जमलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन. खेळाचं विचारलं. "आधी नीट चाल, मग बघू." आधी थांबले असते तर एवढं झालं नसतं का, हे मी विचारलं न्हाई. त्यांनी आपणच सांगितलं.

१३ डिसेंबर, शनिवार

वसमतला कॉलेजवर गेले. बा येतो म्हणाला, मी म्हणाले मला एकटीला जाऊ दे.

सर मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होते. मला बघून फक्की खाली ठेवली. खुर्ची आणायला निघाले. मी म्हणाले, खुर्ची नको सर. मॅडमकडं जाऊन आले.

बराच वेळ हाताचा चुना झटकत राहिले. मग: "मी तुला विचारलं होतं का न्हाई, खेळतीस का? तू व्हय म्हणालीस."

"मला माहीत नव्हतं सर."

"माहीत असतं तर थांबली असतीस? खरं सांग."

थांबले असते? फायनलपर्यंत जायचंच होतं मला. कदाचित न्हाईच थांबले असते. त्यांनी ते ओळखलं चेहऱ्यावरून, अन् त्यांना जरा बरं वाटलं. तेच मला सहन झालं न्हाई.

म्हणाले, मग विचारायचं तरी होतं सर. मीच ठरवलं असतं. वाईट ठरवलं असतं, पण मी ठरवलं असतं.

तेव्हा खाली बघून बोलले. "मी तासिकेवर आहे, राठोड. दरसाल जूनमध्ये पुन्हा घेतात का न्हाई याची वाट बघतो. यंदा संघ पुढं गेला न्हाई तर हॉकी बंद करू म्हणाले होते. तुझ्यासारख्या बाकीच्या पोरी कुठं गेल्या असत्या?"

बाकीच्या पोरी. त्या सगळ्या तिकडं गोलजवळ उभ्या राहून आमच्याकडं बघत होत्या.

नमस्कार करायची सवय आहे मला, येताना-जाताना वाकून. आज हात अर्ध्यावर गेला अन्... वाकता येत न्हाई सध्या. बरं झालं.

१६ डिसेंबर

शि.चे मेसेज. वाचले न्हाईत. नुसतं वर तिचं नाव अन् "निके ऐक ना" एवढं दिसतं.

सरांचा राग येतो तो सरळ आहे, ओरडता येतं. हिचा न्हाई येत तसा. रात्री खुबा दुखला की पहिली तीच आठवते, बाटलीत गरम पाणी भरताना. मग दोन्ही दुखणी एकदम.

२१ डिसेंबर, रविवार

दुपारच्या एसटीनं शि. आली. एकटी. फाट्यापासून चालत. याडीला मी सगळं सांगितलंय, तरी याडीनं पाणी दिलं. दिलं, पण बस म्हणाली न्हाई.

मी आत खाटेवर होते. ती उंबऱ्याशी उभी.

"विद्यापीठाच्या सरावाला जाणार न्हाई मी," म्हणाली.

"काहून? माझ्यावर उपकार?"

मग मी विचारलं. इतके दिवस मनात शंभर प्रश्न तयार केले होते, निघाला एकच. "तू काहून न्हाई सांगितलंस?"

वाटलं म्हणेल सरांनी शपथ घातली, धमकी दिली, मला कळलं न्हाई. पण सर म्हणाले होते तिला, निकिता बसली तर तुझ्यापर्यंत चेंडू कोण आणणार. एवढंच. हे तिनं सांगितलं. अन् मग म्हणाली, "मला गोल मारायचा होता. निवडणारे येणार होते. वाटलं, तुझं काही होणार न्हाई. रोज वाटायचं आज सांगू. शॉर्ट चढवताना तर रोज."

"हसत होतीस."

"व्हय."

रडली न्हाई. रडली असती तर हाकलून दिलं असतं मी. तिनं एकदाही माफ कर म्हणलं न्हाई, अन् सरांवर ढकललं न्हाई. हे चांगलं का वाईट, मला ठरवता येईना. मी म्हणाले, सरावाला जा. माझ्या नावानं घरी बसू नको, ते ओझं मला नको. ती म्हणाली, "जाऊ?" तिचं तिनं ठरवावं.

बोलता बोलता शेवटची गाडी गेली. बा फाट्यापर्यंत बघून आला, आता उद्या सकाळीच. शि. अंगणात वहिनीजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलून राहिली. कुणी सांगितलं न्हाई तिला. इथून तिची पाठ दिसते.

चूल पेटली. याडी दारात येऊन विचारून राहिली, तुमा दोघींना एकाच ताटात वाढू का वेगवेगळं?

थांब म्हणाले. लिहून होऊ दे.