चंद्रोदयाचा चार्ज

अंबरनाथ (पूर्व)
१२ डिसेंबर १९९८

चि. सौ. वृंदास मालिनीताईचे आशीर्वाद.

तुझी पाठ, हेमचंद्ररावांचा खोकला आणि पुण्याची थंडी या तिघांचीही वेगवेगळी चौकशी केली आहे असे समज. मी उत्तम. (गुडघा सोडून. कंपनीने मला मुदतीआधी घरी बसवले, ते बघून त्यानेही राजीनामा दिला.)

दिवाळीत तू म्हणालीस, ताई, तुझा 'चंद्रोदय' आता मी सांभाळते. तू सहज बोललीस, पण मावसबहिणीच्या तोंडून निघालेला शब्द मी वाया जाऊ देत नाही, तेव्हा चार्ज घेच. मोरिवलीच्या कारखान्यात पगारपत्रके काढून उरलेल्या वेळात मी हा प्रोग्रॅम लिहिला. संकष्टीला चंद्र किती वाजता उगवेल ते तो सांगतो. मूळ कोडसकट फुकट दिला. कोणीही वाटावा, कोणीही सुधारावा, अडले तर मला फोन करावा, असे वर लिहिले. सुधारायला आजवर कोणी आले नाही, फोन मात्र सगळ्यांनी केले. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या फ्लॉपीवाल्याने निळा स्क्रीन गुलाबी केला, 'नवीन सुधारित' असे लेबल चिकटवले, आणि वर मलाच फोन, "मॅडम, इसमें चेटीचंड भी डाल दो ना." (घातला तो सिंध्यांचा पाडवाही. त्याने किलोभर मिठाई पाठवली. ती मी एकटी आठ दिवस खात होते.) या कटकटीने जीव नकोसा झाला आहे, म्हणून चार्ज देते आहे.

त्यातून बदलापूरचे हरिचंद्र. शाळेत क्लार्क आहेत. दर संकष्टीला त्यांचा फोन ठरलेला, मॅडम, तुमचा चंद्र अजून आला नाही. त्यांचे घर बारवीच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. चंद्र वेळेवर उगवतो, पण डोंगर चढून यायला त्याला उशीर होतो, आणि दर महिन्याला तो वेगळ्या जागेवरून चढत असल्याने कधी वीस मिनिटे, कधी चाळीस. तेवढा वेळ आम्ही फोनवर काढतो. भात कसा झाला, मुख्याध्यापक कोणावर ओरडले, त्यांच्या आईची, गोदूबाईंची, कंबर कशी आहे. शेवटी मी सांगते, डोंगराचा हिशेब पुढच्या आवृत्तीत नक्की. असे चार वर्षे सांगते आहे. महिन्याचे बाकीचे दिवस फोन गप्प असतो. कधीकधी मी उचलून बघते, बंद तर नाही ना. बंद नसतो.

गेल्या संकष्टीला मात्र भलतेच झाले. गोदूबाई माझ्या प्रोग्रॅमच्या वेळेवर भिस्त ठेवून पूजेचे ताट घेऊन गच्चीवर गेल्या. वय त्र्याहत्तर, दिवसभराचा कडक उपास. अर्धा तास डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या आणि घेरी येऊन पडल्या. कपाळाला तीन टाके. आता बऱ्या आहेत. हरिचंद्र मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट म्हणाले, "मॅडम, तुमची काय चूक, आमचा डोंगरच आडवा." बोलले असते तर बरे झाले असते. त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही.

सोबत तीन फ्लॉप्या, माझी वही आणि वापरणाऱ्यांचे पत्ते. फ्लॉप्या लोहचुंबकाच्या खेळण्यांपासून लांब ठेव. (तुझ्या घरात ती आहेत, मी पाहिली आहेत.)

तुझी,
मालिनीताई

ता. क. – डोंगराचा हिशेब अवघ्या सहा ओळींचा आहे. तो चार वर्षांपूर्वीच लिहून झाला, तिसऱ्या फ्लॉपीत आहे. मी तो कोणाला दिला नाही. दिला असता तर हरिचंद्रांना फोन करायला कारण उरले नसते. कटकटीचे वर जे लिहिले ते खोटे आहे. माझ्या हातून तो बाहेर पडणार नाही हे मला कळून चुकले आहे, म्हणून चार्ज तुला. पत्र मिळताच त्या तिसऱ्या फ्लॉपीची पहिली प्रत बदलापूरला पाठव.

ता. क. दुसरा – आता संकष्टीला इथे फोन वाजणार नाही. त्या रात्री तू कर. पुण्यात चंद्र दिसला का, एवढेच मी विचारीन. वेळ मला ठाऊक असेल, तरी तू सांग.